मुठीतली चार नखं

ओल्या नखाला कधी कानस लावू नये. पाण्यात भिजलेलं नख मऊ पडतं, घासायला सोपं वाटतं, आणि दोन दिवसांनी त्याच जागी पापुद्रा सुटून फाटतं. नख आधी कोरडं करायचं. मग या कडेकडून मधोमध, त्या कडेकडून मधोमध, असं एकाच दिशेनं घासायचं. करवतीसारखं मागं-पुढं करायचं नाही. वाचणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन. बाकीचा लेख माझ्या मनस्तापाचा आहे. तो वाचलाच पाहिजे असं नाही.

आमच्या तिरोड्यातले एक मास्तर दिवाळी अंक काढतात. यंदा त्यांनी हातानं काम करणाऱ्यांचे अनुभव गोळा करायचे ठरवलं आणि माझ्या दारात आले. म्हणाले, बाई, तुम्ही आयुष्यभर घरोघरी जाऊन बायकांची नखं केली, त्यावर लिहा. मी म्हटलं, मास्तर, नखं ही कापून फेकायची वस्तू, तिच्यावर काय लिहायचं? ते म्हणाले, गमती लिहा, लोकांना गमती आवडतात. गमती आहेत. त्या आधी सांगून मोकळी होते.

मी जातीनं न्हावीण. नवऱ्याचं बाजाराजवळ सलून आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंकडे सहा-सात गावांमधल्या बायकांचं काम होतं. नवरीची नखं काढायची, बाळंतिणीची काढायची, आणि घरात कोणी गेलं की दहाव्या दिवशी घरातल्या बायकांची काढायची. सासूबाईंचं हत्यार म्हणजे नराणी. बोटाएवढी लोखंडी पट्टी, पुढं छिन्नीसारखी धार. ती धरायला मला वर्षभर शिकावं लागलं. पुढं मी गोंदियाला एका पार्लरवाल्या बाईकडं सहा महिने जाऊन नवीन पद्धतही शिकून घेतली. तिथं नराणी कोणी ओळखत नव्हतं. तिथं पुठ्ठ्यावर बारीक वाळू चिकटवलेल्या पट्ट्या होत्या. त्यांना सगळ्या फायलर म्हणत, मी मात्र पहिल्या दिवसापासून कानस म्हणाले आणि तेच तोंडात बसलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन कप्पे होते. एकात सासूबाईंची नराणी, दुसऱ्यात पुठ्ठ्याच्या कानशी. स्कुटीवर बसून मी एका घरी न्हावीण म्हणून जायची आणि पुढच्या घरी 'ब्युटीशियन दीदी' म्हणून. चहा दोन्हीकडं मिळायचा, फक्त कप वेगळे असायचे.

गोंदियातल्या एका शेठाणीला दर महिन्याला नवा आकार हवा असे. या महिन्यात चौकोनी, पुढच्या महिन्यात बदामी. मी सांगायची, भाभीजी, चौकोनी नखाचं बदामी करता येतं, बदामी नखाचं चौकोनी करायला ते आधी वाढावं लागतं. त्या म्हणायच्या, "तो बढ़ा दो ना." नखं वाढवणं माझ्या हातात आहे असा त्यांचा कायमचा समज होता, आणि मीही तो पुरता मोडला नाही.

एका पेन्शनर काकांनी करंगळीचं नख इंचभर राखलं होतं. डबीतला चुना काढायला. त्यांच्या बायकोनं मला दुपारी मुद्दाम बोलावलं. काका खाटेवर घोरत होते. म्हणाली, "झोपले हायेत तवरच उडवून टाक." मी नाही म्हटलं. माझा एक नियम होता. ज्याचं नख त्यानं हो म्हणायला पाहिजे. लहान मुलाचंसुद्धा मी त्याला विचारून कापायची. तिनं खूप विनवलं, मी हलले नाही. काका उठले, त्यांना सगळं कळलं, आणि पुढं कित्येक वर्षं ते मला रस्त्यात पाहिलं की करंगळी वर करून नमस्कार करायचे. या नियमाचा मला अभिमान होता. नखवालीनं हातापेक्षा माणसाकडं आधी पाहावं, असं मी हाताखालच्या पोरींना शिकवत असे.

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकवतात. तिथली एक परगावची मुलगी गावात खोली घेऊन राहत होती. घरमालकिणीनं मला बोलावलं. मुलीनं दहाही नखं दातांनी खाऊन पार मांसापर्यंत नेली होती. म्हणाली, "दीदी, परसों अकेले उड़ाना है." घासायला तिथं काही उरलंच नव्हतं. मी नुसत्या कडा गुळगुळीत केल्या, म्हणजे दाताला धरायला खरबरीत काही लागू नये. नखं खाणाऱ्याला खरबरीत कडच बोलावते. तिसऱ्या दिवशी तिनं विमान एकटीनं उतरवलं आणि घरमालकिणीच्या फोनवरून मला सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी वरून विमान गेलं की धानाच्या बांधीत काम करणाऱ्या बायकांना सांगायची, त्यात माझी नखं बसली आहेत.

गमती संपल्या. आता यमुनाकाकी.

बोदलकसाच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं यमुनाकाकीचं घर, धानाची शेती, मोठं खटलं. काकी स्वतः चिखलात उतरून रोवणी करणारी बाई. ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. धानाची रोपं गुडघाभर चिखलात वाकून एकेक करून लावायची, पंधरा-वीस दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सगळा वेळ बोटं चिखलात. नखांच्या मुळाशी कातडं कुजतं, नख पिवळं पडतं, टोकाला चिरतं. बायका रोवणी झाली की हळद-तेल लावतात आणि विसरतात. यमुनाकाकी विसरायची नाही. रोवणी आटोपली की तिचा निरोप यायचा, "माझे हात घ्याले ये." वर्षातून एकदा. रंग नाही, काही नाही. गोल आकार आणि कापडानं घासून आणलेली चमक. तेवढ्यासाठी ती सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर, दोन तास बसून राहायची. घरचे हसायचे. ती म्हणायची, "हासा. सालभर हे हात तुमचे असतात. आज माहे आहेत."

एका वर्षी मी गेले तो शनिवार निघाला. काकीच्या सासूबाई तेव्हा होत्या. नव्वदीच्या आसपासच्या, कानानं तीक्ष्ण. मी काकीचा हात घेऊन बसले आणि आजींनी आतून आवाज दिला.

"काऊन व, शनवारी नखं कापून राहिली? घरात अवदसा आनतेस का?"

"कापत नाही आजी, घासून राहिली," मी म्हटलं.

"त्यात काय फरक हाय?"

"कापलं तं तुकडा पडते. घासलं तं भुकटी उडते. शनवारले भुकटी चालते."

"कोन सांगतलं?"

"नियम न्हाविणीचे आहेत आजी, आमीच सांगतो."

आजी सुनेला म्हणाल्या, "हिची जीभ घास आधी." यमुनाकाकी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिचा हात इतका हलत होता की मला कानस बाजूला ठेवावी लागली. तेव्हापासून ती मुद्दाम शनिवारीच बोलवायची. फोनवर म्हणायची, "आज भुकटीचा दिवस हाय, ये." आजी गेल्या, तरी तो विनोद आमच्या दोघींत राहिला.

मग काकीला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. समजत सगळं होतं. सून ममता सांगायची, टीव्हीवर कोणी खोटं रडलं तरी सासूबाई डाव्या हातानं बंद करायला सांगतात. पण तोंडातून शब्द येईना. काही महिन्यांनी ममताचा फोन आला. उजव्या हाताची मूठ घट्ट वळली आहे, उघडत नाही, आणि आतून वास येतो.

लकव्याच्या हाताचं हे असं होतं. बोटं आत वळतात आणि तशीच राहतात. नखांना मात्र लकवा होत नाही. ती वाढतच असतात, आणि मूठ बंद म्हणजे त्यांना जायला एकच वाट, तळहातात. मी गेले तेव्हा काकीच्या तळहातावर चार चंद्रकोरी उमटल्या होत्या, दोन ओल्या. मुलानं, रमेशनं, गोंदियाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्याला विचारून घेतलं होतं आणि त्यानं सांगितलेली युक्ती खरी निघाली. बोटं ओढायची नाहीत. मनगट हळूहळू आत वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल पडतात. करंगळीपासून सुरुवात करायची. कोमट पाण्याचा फडका फिरवायचा, नीट कोरडं करायचं, आणि मग घासायचं. नेलकटरचा जबडा त्या फटीत मावत नाही. नराणी तर मुळीच नाही, कारण मूठ मध्येच झटक्यानं मिटते आणि धार मांसात जाईल. पुठ्ठ्याची पातळ कानस तेवढी जाते. शेवटी जुन्या लुगड्याची गुंडाळी करून तळहातात ठेवायची, नखं आणि मांस यांच्यामध्ये.

मी दर रविवारी जाऊ लागले. एका मुठीला पाऊण तास लागायचा. काकीला दुखायचं, तरी ती हात ओढायची नाही. मूठ झाली की डावा हात पुढं करायची. त्याची नखं मी जुन्या पद्धतीनं करायची, गोल, चमक आणून. ती तो हात डोळ्यांसमोर धरून एकेक बोट तपासायची, आणि एखादं कमी-जास्त असलं की नाकानं आवाज करायची. दोन वर्षं असं चाललं. दोन वर्षांत त्या मुठीत मी एकदाही लोखंड नेलं नाही. नुसता पुठ्ठा आणि वाळू. हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लग्नांची दाटी होती. लागोपाठ दोन रविवार मला नवऱ्या मिळाल्या, एक गोंदियाची, एक बालाघाटची. मी ममताला फोन करून सांगितलं, गुंडाळी तेवढी बदलत राहा. ती हो म्हणाली. पण तिला मूठ उघडायची भीती वाटायची. सासूबाई कण्हल्या की ती मूठ सोडून द्यायची. मला हे माहीत होतं. तिसऱ्या रविवारी मी जाणारच होते. त्या पहाटे काकीचे मोठे दीर वारले. एकच घर, एकच अंगण.

आता सुतकाचं सांगते. आमच्याकडं घरात मृत्यू झाला की दहा दिवस कोणी नखं काढत नाही, दाढी करत नाही, केसांना तेल लावत नाही. दहाव्या दिवशी पुरुषांचं न्हावी करतो, बायकांचं न्हावीण. न्हाविणीनं नखं काढली की बाई सुतकातून बाहेर आली. तोवर ती स्वयंपाकघरात असली तरी बाहेरचीच. एरवी ज्या बायका मला ओट्यावर बसवायच्या, त्या दहाव्याला माझ्यासमोर ओळीनं हात पुढं करून बसतात आणि मी येईपर्यंत खोळंबून राहतात. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, दहाव्याचा मान आपला आहे, तो कधी कोणाला देऊ नको. तो मान मला आवडायचा. कशाला खोटं बोलू? पार्लरचं काम कोणीही शिकून करतं. हे फक्त माझंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. एका गिऱ्हाइकाकडून परस्पर निघाले होते, पिशवी खांद्यालाच होती. अंगणात भावकीतली म्हातारी माणसं बसली होती. काकीची खाट सपरीत, भिंतीला लागून. ममता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, सासूबाईचे नखं खूपच वाढले. मूठ उघडू नाही देत. काय करू?"

अंगणातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सुतकात नखाले हात लावत नाहीत व. दहाव्याले मी येतोच आहो. तवर तूही नको लावू."

बाबांनी मान हलवली. बरोबर बोलली, अशी. त्यांची ती मान हलली, आणि मला बरं वाटलं.

यमुनाकाकी माझ्याकडंच पाहत होती. तिनं डावा हात उचलला आणि खाटेशेजारच्या भिंतीवर बोटांची टोकं टेकवून खाली ओढली. पुन्हा वर नेऊन खाली ओढली. एकाच दिशेनं. मला वाटलं, नखं वाढल्याची तक्रार करते आहे. मी तो हात धरून खाली ठेवला आणि म्हटलं, "दहावं होऊ द्या काकी. मंग दोन्ही हात सुंदर करून देतो." तिनं हात सोडवून घेतला आणि परत भिंतीवर ओढला, माझ्याकडं पाहत. मला उशीर होत होता, दुसरं घर थांबलं होतं. येतो काकी, म्हणून मी उठले. पिशवीत आठ कानशी होत्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरातले, भावकीतलेच, आणखी एकजण गेले. अशा वेळी शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. त्या घरात काय झालं तेवढं सांगते. म्हातारी माणसं बसली आणि ठरलं की आता दिवस नव्यानं मोजायचे. रमेशनं मला फोन करून सांगितलं, बाई, आता पुढं गेलं. मी म्हटलं, बरं. मी बोटांवर हिशेब केला तो फक्त माझ्या कामाचा, की नवं दहावं कोणत्या वारी येतं आणि त्या दिवशी दुसरीकडं शब्द दिला आहे का. मूठ माझ्या मनात आली होती. आली आणि मी तिला मागं सारलं. ममताला मी सांगून ठेवलं होतं, हात नको लावू म्हणून, आणि तिनं माझं ऐकलं. माझा शब्द होता ना. नखांच्या बाबतीत त्या गावात माझ्या शब्दापुढं कोणी जात नव्हतं.

नव्या सुतकाच्या पाचव्या दिवशी काकीला ताप भरला. हात कोपरापर्यंत सुजला. तिला साखरेचा आजार होताच. गोंदियाला नेलं, भूल देऊन मूठ उघडली. मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्याचं, अशी दोन नखं तळहातात पुरती शिरली होती आणि त्यांच्यावर मांस वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. हात काढावा लागेल असं ते म्हणत होते. तोवर विष रक्तात गेलं होतं. काकी आठ दिवस राहिली.

मी दवाखान्यात एकदा गेले. हाताला पांढऱ्या कापडाचं मोठं गाठोडं बांधलेलं होतं. ती झोपेत होती, की शुद्धीवर नव्हती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. रमेश बाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला. मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "नाही बाई, तुमी तं नियमानंच सांगतलं." त्या घरात आजवर कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं, भांडले असते, रडले असते. त्यांनी चहा दिला.

मास्तरांनी इथवर वाचून मला विचारलं, मग लेखात रूढींच्या विरोधात दोन ओळी टाकायच्या का? मी म्हटलं, टाकू नका. रूढीनं माझे हात बांधले नव्हते. मी तिला पूर्वीच फसवलेलं होतं, हसत हसत, एका चमकेसाठी. कापणं अलग, घासणं अलग, हे मीच शोधून काढलं होतं. जेव्हा माणूस वाचवायचा होता तेव्हा मला ते आठवलं नाही. की आठवलं आणि त्या अंगणात बोलायची लाज वाटली? रात्रंदिवस विचार करूनही मला हे नक्की सांगता येत नाही. लाज वाटली असेल तर ते जास्त वाईट आहे, आणि मला वाटतं तेच खरं आहे.

काकीच्या दहाव्याला मी जाणार नव्हते. नवऱ्याला म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. तो म्हणाला, "तू नाही गेलीस तं त्या बायांचं सुतक कसं फिटन? मान तुया हाय." म्हणून गेले. त्यानंतर मात्र मी कोणाच्या नखाला हात लावलेला नाही. शेठाणी अजून फोन करतात. मी त्यांना सांगते, डोळ्यांना दिसत नाही. दिसतं सगळं.

तर तो दहावा दिवस. ऊन फार होतं म्हणून बायकांना सपरीत बसवलं होतं. काकीची खाट तिथून काढून बाहेर उभी केली होती. मी भिंतीकडं तोंड करून बसले, नराणी काढली, पाण्याची वाटी घेतली. घरची सून म्हणून पहिला हात ममताचा. अंगठा झाला, पहिलं बोट झालं, आणि नजर वर गेली.

खाट होती तिथं भिंतीवर, निजलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, चुना खरवडला गेला होता. एकाशेजारी एक पाच रेघा, वरून खाली. आतली लाल माती दिसत होती. खाली जमिनीवर पांढरी भुकटी पडलेली होती. कोणी झाडली नव्हती.

ममतानं माझ्या नजरेकडं पाहिलं आणि आपणहून बोलली.

"दिवसभर तेच करत राहे, बाई. भिंतीवर नखं घासे, आन मंग आपली मूठ माह्यासमोर धरे. पुन्हा घासे, पुन्हा मूठ धरे. मले वाटलं डोक्यावर परिणाम झाला. एक डाव तं मी रागावलो, चुना कायले खरवडता म्हनून."

मी तिचं मधलं बोट धरून बसले होते. नराणी तशीच हातात.

"आंघोळ घालताना पाह्यलं," ममता म्हणाली. "डाव्या हाताचे नखं एकदम बरोबर होते. गोल. तुमी करत होत्या तसेच."

तिच्या मधल्या बोटाचं नख कापलं. मग त्याच्या शेजारचं. करंगळी राहिली होती, तिचंही कापलं. मागं अजून अकरा बायका हात धुऊन बसल्या होत्या.